निसरड्या ओढ्यात बुटाला सोल कोणता?

प्रश्न : फ्लाय फिशिंगसाठी (गळाला नकली माशी लावून मासे धरण्यासाठी) वाहत्या ओढ्यात उतरावं लागतं. माझ्या वेडिंग बुटांना (पाण्यातून चालायच्या बुटांना) रबरी सोल आहे, खाचाही चांगल्या खोल आहेत, तरी शेवाळलेल्या गोट्यांवर पाय सटकतो. फेल्टचा (तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचा) सोल घ्यावा का?

उत्तर : खोल खाचा चिखलात आणि मातीच्या काठावर उपयोगी पडतात. गोलसर गोट्यावर मात्र बूट टेकतो तो खाचांमधल्या चार-दोन उंचवट्यांवर, आणि त्यांच्या नि दगडाच्या मध्ये शेवाळाचा बुळबुळीत थर असतो. त्या थरावर मऊ रबरही घसरतं. फेल्टचे तंतू थर दाबून दगडाच्या बारीक खडबडीत भागापर्यंत पोचतात, म्हणून शेवाळावर फेल्ट साध्या रबरापेक्षा सरस ठरतो.

पण विकत घेण्याआधी जिथे मासे धरायचे तिथले नियम पाहा. न्यूझीलंडने 2008 मध्ये फेल्टवर बंदी घातली, अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने 2018 मध्ये. डिडिमो हे शेवाळ, चिखलगोगलगायी, माशांच्या रोगांचे जंतू फेल्टच्या ओलाव्यात तग धरतात आणि एका नदीतून दुसरीत जातात. बंदी नसली तरी पाणी बदलताना बूट घासून धुवा, लिटरला 50 मिली भांड्यांचा साबण घातलेल्या पाण्यात फेल्ट आतपर्यंत भिजू द्या, मग पूर्ण सुकवा. हाताला कोरडा लागला की पुढे आणखी 48 तास तसाच ठेवा. रबराला हे सगळं सोपं जातं. फेल्ट वाळायलाच कित्येक दिवस घेतो.

ओढ्यापर्यंत गवताळ उतारावरून बरंच चालायचं असेल तर फेल्ट नकोच. ओल्या गवतावर आणि चिखलावर तो साबणाच्या वडीसारखा सरकतो, बर्फात तळाला गोळे धरतो. तुमचे बूट धड असतील तर आम्ही त्याच रबराला स्टड (सोलमध्ये पिळायचे धातूचे छोटे स्क्रू) लावायला सांगू.

प्रश्न : स्टड कोणते, किती आणि कुठे लावायचे?

उत्तर : टंगस्टन कार्बाइडचं टोक असलेले घ्या. साध्या लोखंडी स्क्रूची डोकी लवकर झिजून गोल होतात. एका बुटाला 10 ते 15 पुरेत. दाटीवाटीने लावले तर वजन वाटलं जातं आणि एकही स्टड नीट रुतत नाही.

जागा महत्त्वाची. अंगठ्यामागच्या फुगीर भागाखाली, चवड्याच्या कडेने आणि टाचेच्या कडेने लावा; पायाच्या कमानीखालची जागा मोकळी सोडा. प्रत्येक स्टड रबराच्या उंचवट्याच्या मधोमध बसवा, खाचेत नाही. बऱ्याच बुटांवर जागांच्या खुणा असतात, त्या सोडू नका.

स्क्रूची लांबी सोलच्या जाडीपेक्षा कमी हवी. बसवून झाल्यावर आतला इनसोल काढून हात फिरवा. टोक लागलं तर वेडरचा (पाण्यात घालायच्या जलरोधक विजारीचा) मोजा फाटणारच. आधी भोक पाडू नका. षट्कोनी सॉकेट लावून ड्रिल अगदी हळू फिरवा आणि स्टडची चकती रबराला टेकली की थांबा. आणखी एक पीळ दिला की रबरातले आटे जातात, स्टड जागच्या जागी फिरत राहतो आणि पहिल्याच दिवशी ओढ्यात पडतो. तसं झालं तर तो काढून शेजारच्या उंचवट्यात लावा.

एक धोका लक्षात ठेवा : शेवाळ नसलेल्या गुळगुळीत, कठीण कातळावर कार्बाइड घसरतं. तिथे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बऱ्या, कारण मऊ धातू दगडाच्या बारीक उंचवट्यांवर दबून धरून राहतो. झिजतात मात्र लवकर. शिवाय धातू दगडावर वाजतो, म्हणून उथळ, संथ पाण्यात पावलं सावकाश टाका. आणि स्टडचे बूट घालून हवा भरलेल्या राफ्टवर चढू नका, हे सांगायला नकोच.

प्रश्न : जुन्या बुटांचा फेल्ट पुढून सुटला आहे. पुन्हा चिकटवता येईल?

उत्तर : येईल, पण सुटलेल्या तोंडात गोंद भरून भागत नाही. उरलेला फेल्ट पूर्ण ओढून काढा, जुना गोंद खरवडा, तळ जाड सॅंडपेपरने घासा आणि बूट आतून-बाहेरून कोरडा होऊ द्या. नवा फेल्ट कडेने थोडा मोठा कापा. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हचा हात दोन्ही बाजूंना द्या. फेल्ट गोंद पितो, म्हणून त्याला दुसरा हातही लागतो. बोटाला चिकटेनासा झाल्यावरच जोडा, कारण एकदा टेकला की सरकवता येत नाही. हातोडीने ठोकून 24 तास क्लॅम्पमध्ये दाबून ठेवा, मग कडा कापा. पुढे हे बूट हीटरजवळ किंवा तापलेल्या गाडीत वाळवू नका. उष्णतेने हाच गोंद सुटतो.

प्रश्न : बुटाचं माप नेहमीचंच घ्यावं का?

उत्तर : नाही. वेडरचा निओप्रीनचा मोजा जाड असतो, म्हणून बहुधा एक माप मोठं लागतं. मोजा घालूनच बूट पाहा. टाच आत उचलली जात असेल तर परत करा. सैल बुटात सोल दगड धरतो आणि पाय मुरगळतो.