नव्या मेंटॉरला पत्र : पेन तिच्याच हातात राहू दे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

नव्याने रुजू झालेल्या सहकारी मुलीचं मेंटॉर व्हायला तू होकार दिलास, हे वाचून फार बरं वाटलं. 'पण नेमकं करायचं काय?' हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. ही जबाबदारी बहुतेकांच्या गळ्यात 'तुला काम येतं ना, मग शिकव' एवढ्यावरच पडते. काम येणं आणि दुसऱ्याला कामात उभं करणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसरंही शिकता येतं, म्हणूनच हे लांबलचक पत्र.

तुझ्याकडे सगळी उत्तरं असायला हवीत, ही समजूत आधी सोडून दे. सहा महिन्यांनी तिने तुझ्याशिवाय चांगले निर्णय घ्यावेत, एवढंच तुझं काम आहे. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्याच एका गोष्टीसाठी.

सुरुवात पहिल्या भेटीपासून. तासभर मोकळा ठेव आणि त्या दिवशी कामातल्या अडचणींत शिरू नकोस. तिने आधी काय केलंय, तिला कशात गोडी आहे, इथे कशाची धास्ती वाटते, हे ऐक. मग दोघांनी मिळून अर्ध्या पानाची एक नोंद करा. भेट दर दोन आठवड्यांनी, ४५ ते ६० मिनिटं. विषय ती ठरवेल आणि आदल्या दिवशी तीन ओळींत कळवेल. मधल्या काळात प्रश्न पडला तर कुठे विचारायचा आणि उत्तर किती दिवसांत मिळेल, तेही लिही. 'कधीही विचार' हे ऐकायला छान वाटतं, पण नवखी व्यक्ती त्याचा अर्थ 'त्रास देऊ नकोस' असाच लावते. 'मंगळवार-शुक्रवार दुपारी विचारलंस तर त्याच दिवशी उत्तर मिळेल' असं सांगितलंस की ती खरंच विचारते. मुदत सहा महिने, तिसऱ्या महिन्यात आढावा, आणि दोघांपैकी कुणालाही कारण न देता थांबायची मुभा. ही शेवटची ओळ लिहायला संकोच वाटेल, तरी लिहीच. जोडी जमली नाही तर याच ओळीमुळे दोघांचीही सुटका होते.

गोपनीयतेचं बोलणंही त्याच दिवशी व्हायला हवं. 'आपलं बोलणं आपल्यातच राहील' एवढ्यावर थांबू नकोस, मर्यादाही सांग : कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा छळ, फसवणूक असं गंभीर काही समोर आलं, तर मला गप्प बसता येणार नाही, मात्र पुढे काय करणार ते आधी तुला सांगेन. ही मर्यादा नंतर, तिने मन मोकळं केल्यावर सांगितलीस तर तिला तो विश्वासघात वाटेल.

तिचे साहेब तुला भेटून सहज विचारतील, 'काय, कशी आहे ती?' त्याचं उत्तर आत्ताच ठरवून ठेव : 'भेटी नियमित होतात. बाकी तिच्याशीच बोललात तर बरं.' तिचं मूल्यमापन करणं हे वरिष्ठाचं काम, तुझं नाही. आपली चूक तिकडे पोचते अशी नुसती शंका जरी आली, तरी ती तुला फक्त चांगलंच सांगायला लागेल आणि भेटींत काही उरणार नाही. तिच्या बढतीच्या समितीवर तुझं नाव असेल तर एका जागेवरून बाजूला हो. दोन्हीकडे राहून निभावता येईल असं मला वाटत नाही.

आता प्रत्यक्ष भेट. पहिली पाच मिनिटं मागच्या वेळी ठरलं त्याचं काय झालं यासाठी. मग अर्धा तास तिने आणलेला विषय. शेवटची दहा-पंधरा मिनिटं पुढे काय करायचं ते ठरवायला, आणि ते एक किंवा दोनच गोष्टींपुरतं. भेटीचं टिपण तिने लिहायचं, चार-पाच ओळींचं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तुला पाठवायचं. हे तिच्यावर ढकललेलं काम समजू नकोस. तू काय बोललास याला महत्त्व नाही, तिला काय उमगलं हे त्या टिपणातच दिसतं. 'आधी आकडे तपास, मग पत्र लिही' असं ठरलं असेल आणि टिपणात 'पत्र लिहायचं' एवढंच आलं, तर गडबड कुठे होणार हे तुला दोन आठवडे आधीच कळतं.

विषय निघाला की पहिला प्रश्न असा असू दे : 'यात तुला माझा सल्ला हवाय, मोठ्याने विचार करायला सोबत हवीय, की कुणाशी तरी गाठ घालून हवीय?' या तीन गरजांची गल्लत झाली की भेट वाया जाते. जिला फक्त बोलायचं आहे तिला पाच उपाय ऐकावे लागतात, आणि जिला एका माणसाची ओळख हवी आहे तिला अर्धा तास प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

प्रश्न विचारताना 'का' जपून वापर. 'तू असं का केलंस?' म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो. 'हे कसं ठरवलंस?', 'आतापर्यंत काय काय करून पाहिलंस?', 'काहीच केलं नाही तर काय होईल?' हे प्रश्न तीच माहिती देतात आणि झोंबत नाहीत. प्रश्न विचारल्यावर मात्र थांब. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबत होते. तेच थांबणं ३ सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणं कमी झालं आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. तीन सेकंदांची शांतता समोरासमोर बसल्यावर फार लांब वाटते. ती खिडकीकडे बघेल, पेनचं टोपण काढेल, पुन्हा लावेल. त्या वेळी तोंड उघडू नकोस. बऱ्याचदा खरी अडचण त्या शांततेनंतरच्या दुसऱ्या वाक्यात बाहेर येते.

आणखी एक सापळा म्हणजे प्रश्नाच्या कपड्यांतला सल्ला. 'तू साहेबांशी बोलायला हवंस असं नाही का वाटत तुला?' हा प्रश्न नव्हे. सल्लाच द्यायचा असेल तर सरळ दे : 'माझं मत विचारशील तर आधी साहेबांशी बोल, कारण मुदत तेच वाढवू शकतात.' कारण जोडलं की तिला ते तपासता येतं आणि नाकारताही येतं.

पण 'फक्त प्रश्न विचारा, उत्तर देऊ नका' असा जो आग्रह धरला जातो, तोही मला पटत नाही. ज्या गोष्टीची तिला माहितीच नाही, ती प्रश्नांनी बाहेर कशी येणार? कोणता अर्ज कुठे द्यायचा, कुठली चूक परत दुरुस्त होत नाही, कुठला नियम मोडला तर अंगाशी येतं, हे थेट सांगायचं. उद्याच मुदत संपत असेल तरीही थेट सांगायचं. नव्या कौशल्यासाठी पायऱ्या ठेव : एकदा तू करून दाखव आणि करताना डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोल, मग दोघं मिळून करा, मग ती करेल आणि तू बघशील, मग ती एकटी. दुसऱ्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारली जाते आणि तिथेच घोळ होतो. तिसरी पायरी कंटाळवाणी असते, तिच्यात वेळ जातो, पण चुकीची सवय पकडता येते ती तिथेच.

मोठ्याने बोलण्यावर एवढा भर का, तेही सांगायला हवं. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन हिने एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं. निम्मी गाणी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं सुरू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. तू 'हे बघून लगेच कळतं' म्हणशील तेव्हा हे आठव. काय बघितलंस, कुठे नजर गेली, काय खटकलं, हे शब्दांत सांगितल्याशिवाय तिच्या कानावर फक्त टकटकच पडेल.

तिचं काम तपासताना फार जपून वाग. समज, तिने पाच पानांचा प्रस्ताव आणलाय. तुझा हात आपसूक माऊसकडे जाईल, दहा मिनिटांत तू सगळा नीट करून देशील आणि ती 'थँक्यू' म्हणून जाईल. पुढचा प्रस्तावही तसाच येईल. त्याऐवजी माऊस तिच्याकडेच राहू दे, कागदावर असेल तर पेन. 'मागणी तिसऱ्या पानावर आली आहे. घाईत वाचणारा पहिल्या पानावरच थांबेल. ती कुठे नेशील?' एवढं बोल आणि तिला वाक्य हलवू दे. एका बैठकीत दोन, फार तर तीन गोष्टी दाखव. दहा चुका दाखवल्यास तर ती सोप्या दुरुस्त करेल आणि मुख्य तशीच राहील.

बोलणं कामावर ठेव, माणसावर नको. अभिप्राय दिला म्हणजे सुधारणा होतेच असं आपण धरून चालतो. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली या विषयावरचे ६०७ निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरली होती. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं : लक्ष कामावरून उडून 'मी कशी आहे' याकडे गेलं की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो. कौतुकालाही हेच लागू. 'तू हुशार आहेस' याने तिला पुढच्या वेळी करण्यासारखं काही मिळत नाही. 'दोन्ही पर्यायांचा खर्च शेजारी शेजारी मांडलास, त्यामुळे तुलना पटकन झाली' हे मात्र ती पुन्हा करू शकते.

बिघाड कुठे होतात, तेही थोडक्यात. तू पहिल्या दोन भेटी पुढे ढकलल्यास तर तिसरी ती मागणारच नाही. पुढे ढकलायचीच असेल तर त्याच निरोपात नवी तारीख दे. ती प्रत्येक भेटीत 'सगळं ठीक चाललंय' म्हणत असेल तर विचारपूस थांबव आणि 'या आठवड्यातलं एक काम उघड, सोबत बघू' म्हण. ती बारीकसारीक गोष्टही विचारायला लागली तर रागावू नकोस, क्रम बदल : आधी तिने स्वतःचं उत्तर कारणासह लिहून पाठवायचं, मग तू तुझं. तीन-चार वेळा दोन्ही उत्तरं जुळली की विचारणं आपोआप कमी होतं. तिची कल्पना तू कुठे मांडलीस तर तिच्या नावासह मांड. स्वतःची कामं तिच्याकडून करून घेऊ नकोस, शिकण्याच्या नावाखाली तर मुळीच नको. आणि तिने तुझ्यासारखं व्हावं ही इच्छा नकळत डोकावते. तुझ्या सल्ल्याच्या उलट वागून तिचं काम फत्ते झालं तर ते कसं जमलं हे मनापासून विचार.

कधीतरी ती कामापलीकडचं काही घेऊन येईल. झोप नाही, रडू येतं, जगावंसं वाटत नाही. तू समुपदेशक नाहीस आणि व्हायचाही प्रयत्न करू नकोस, पण विषय बदलूही नकोस. शांतपणे ऐक. जीव देण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचार. विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटं सोडू नकोस, तिच्या जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना लगेच कळव. एरवीही समुपदेशकाचा नुसता नंबर देऊन मोकळं होऊ नकोस, फोन लागेपर्यंत शेजारी बस.

शेवटाची तारीखही सुरुवातीलाच हवी. मेंटॉरिंगच्या अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८३ साली अशा नात्याचे चार टप्पे मांडले : सुरुवात, बहर, विलग होणं आणि नात्याला नवं रूप येणं. तिसरा टप्पा आपण टाळतो, भेटी विरळ होतात आणि एक दिवस बंद पडतात. किशोरवयीन मुलांच्या मेंटॉरिंगचा ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांनी २००२ साली अभ्यास केला. वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांत मुलांना सर्वांत जास्त लाभ झाला होता, आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांच्या स्वतःविषयीच्या आदराला उलट धक्का बसला होता. तुझी सहकारी मोठी आहे, तरी अर्ध्यावर सोडलं गेल्याचं तिलाही लागेलच. म्हणून शेवटच्या दोन भेटी उरल्या की 'आता दोनच राहिल्या' असं सांग. अखेरच्या भेटीत पहिल्या दिवसाची ती अर्ध्या पानाची नोंद समोर ठेवा : काय साधलं, काय राहिलं, राहिलेलं ती कुणाकडून शिकेल. यापुढे तू तिच्यासाठी काय करशील तेही नेमकं सांग. शिफारस देणार असशील तर प्रत्यक्ष पाहिलेल्या कामाचीच दे.

पहिल्या भेटीआधी त्या नोंदीचा कच्चा मसुदा मला पाठव. गोपनीयतेची आणि थांबण्याच्या मुभेची, या दोन ओळी तू कशा लिहिल्यास ते आधी बघू, बाकीचं तिच्यासोबत बसून लिही.

स्नेहपूर्वक.