शब्दकोड्याची कॅसेट घेऊ नका, आणि 'जमेल का' असं तर विचारूच नका

तुमचा प्रश्न असा की सासरे ७४ वर्षांचे, रोज पेपरातलं इंग्रजी क्रॉसवर्ड सोडवतात, हल्ली बारीक अक्षर नीट दिसत नाही, कुणीतरी जुना निन्टेन्डो डीएस (हातात धरून खेळायचं, दोन छोट्या स्क्रीनचं गेमयंत्र) आणि सोबत क्रॉसवर्डची कॅसेट स्वस्तात देतोय, तर घ्यावं का आणि 'त्यांना जमेल का'. घ्यावं का? नाही. दुसऱ्या भागासाठी मात्र मी रात्री साडेअकराला लिहायला बसलेय, कारण हे 'जमेल का' आमच्या घरात २००८ पासून चालू आहे आणि अजून मिटलेलं नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात आईबाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे एडिसनला आले, न्यू जर्सीत. आईला नातू होता, स्वयंपाकघर होतं, ओक ट्री रोडवर जाऊन मेथीच्या जुडीची किंमत रुपयांत करून हळहळणं होतं. बाबांना काहीच नव्हतं. नोव्हेंबरात थंडी पडली, फिरणं बंद झालं, आणि माणूस खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजायला लागला. सांगलीला त्यांचं कसं, सकाळी पेपर आला की आधी पुरवणी काढून घ्यायची, मराठी शब्दकोडं चहा निवायच्या आत, मग इंग्रजी, ते दिवसभर पुरवायचं. मराठी कोड्यात उभ्यात 'कि' आणि आडव्यात 'की' असा घोळ सापडला की संपादकांना पोस्टकार्ड. खरंच पाठवायचे. एकदा उत्तरही आलं होतं, ते अजून कपाटात आहे.

मी म्हटलं, घरी पेपर लावू. न्यूयॉर्क टाइम्सचं कोडं सोमवारी सोपं असतं आणि शनिवारपर्यंत अवघड होत जातं, रविवारी २१ बाय २१ चं मोठं येतं, म्हणजे आठवडा आरामात निघेल. नवरा म्हणाला कागदाचा ढीग कशाला, काहीतरी मॉडर्न देऊ. तेव्हा मेंदूच्या व्यायामाच्या गेम्सची लाट होती, ऑफिसात सगळे तेच बोलायचे की म्हाताऱ्या माणसांना हे छान असतं. दुसऱ्या दिवशी नवरा १३० डॉलरचा डीएस लाइट आणि क्रॉसवर्डची कॅसेट घेऊन हजर. कॅसेट कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, आता त्याचा उपयोगही नाही. डब्यावर लिहिलं होतं की खऱ्या कागदावर लिहिल्यासारखं वाटेल.

आता बाबांबद्दल एक सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा तार ऑफिसात होते. कडकट्ट कडकट्ट ऐकायचं आणि ऐकता ऐकता फॉर्मवर लिहीत जायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलंय, टेलिप्रिंटर नंतर आला. तारेत एक अक्षर चुकलं तर कुणाच्या घरी काय निरोप जाईल सांगता येत नाही, म्हणून अक्षर कुणालाही वाचता आलंच पाहिजे आणि वेगही पाहिजे. इंग्रजी कॅपिटल ते छापल्यासारखं काढायचे. फक्त ई वेगळा. तो ते हात न उचलता एका झटक्यात काढायचे, उलट्या तीनसारखा, कारण इंग्रजीत ई सगळ्यात जास्त येतो. मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या त्या कडकट्टच्या लिपीत सुद्धा त्याला सगळ्यात छोटी खूण आहे, नुसता एक कट्ट.

त्या यंत्राला हा ई कळेना. कधी सी समजायचं, कधी एस, आणि बऱ्याचदा नुसतं प्रश्नचिन्ह. बाबांनी मग शाळेतल्यासारखा चार रेघांचा ई काढला, तर दोन रेघा काढून पेन उचलला की यंत्राला वाटायचं झालं लिहून, लगेच एल टाकून मोकळं. तिसरी रेघ पुढच्या चौकोनात, तिथे आय. हात टेकवून लिहायची सवय, आणि तो स्क्रीन दाबावर चालतो, एका वेळी एकच स्पर्श ओळखतो, त्यामुळे करंगळीची कड टेकली की खूण भलतीकडे उडायची. मी सोफ्यावर बसून बघत होते. बाबा काही बोलत नव्हते. तोच ई पुन्हा, जरा मोठा. पुन्हा, जरा सावकाश. पुन्हा. एखाद्या बहिऱ्या माणसाशी आपण आवाज चढवून बोलतो ना, तसं ते अक्षर मोठं मोठं करत होते. सातव्यांदा लागलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि यंत्र मिटून टीपॉयवर ठेवलं.

नवरा म्हणाला, "बाबा, सवय होईल." आणि रात्री मला म्हणाला, "त्यांना जमत नाहीये गं."

तेच वाक्य मला अजून टोचतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना वाचता यावं म्हणून लिहिलं, त्याचं लिहिलेलं वीस डॉलरच्या कॅसेटला वाचता येत नाही, तर जमलं नाही कोणाला? ऑन-स्क्रीन कीबोर्ड होता, मान्य, नवरा दर वेळी तेच सांगतो. पण डब्यावर 'कागदासारखं' लिहून आत टायपिंग करायला लावायचं असेल तर मग पेन कशाला दिलाय हातात? अमेरिकेत शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक आलं १९२४ साली, सायमन अँड शुस्टरचं, त्याला प्रकाशकांनी पेन्सिल जोडून दिली होती. त्यांना त्या काळी कळत होतं की या खेळात हातातली वस्तू महत्त्वाची आहे.

दुसरं म्हणजे आकार, आणि तुमच्याकडे डोळ्यांचाच प्रश्न आहे म्हणून हे नीट वाचा. डीएसचा एक स्क्रीन २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजला तर तीन इंच. रोजचं कोडं १५ बाय १५. १९२ भागिले १५ करा, एका चौकोनाला तेरा ठिपकेसुद्धा येत नाहीत, आणि त्यातच रेघ, कोपऱ्यातला नंबर आणि अक्षर. रविवारचं २१ चं घेतलं तर नऊ. मापात सांगायचं तर एक चौकोन म्हणजे कोरड्या साबुदाण्याचा एक दाणा. मग झूम करायचं. झूम केलं की अक्षर दिसतं पण कोडं दिसत नाही, आपण कुठल्या गल्लीत उभे आहोत तेच कळत नाही. हा भागाकार मी नवऱ्याला तेव्हाच कागदावर करून दाखवला होता. तो सॉफ्टवेअरवाला आहे, त्याला तो दुकानात सुचायला हवा होता. यात यंत्राचा दोष नाही, त्या यंत्रावर दुसरे गेम मस्त चालतात, दोष एवढ्याशा जागेत हे कोंबणाऱ्याचा.

आणि शोधसूत्रं! एका वेळी एकच. ज्या चौकोनात उभे असाल त्याचंच सूत्र दिसणार. शब्दकोडं असं कोण सोडवतं? बाबा आधी सगळी उभी आणि आडवी सूत्रं एकदा वाचून काढतात, काहीही न लिहिता. मग जिथे अनेकवचन मागितलंय तिथे शेवटी एस टाकून ठेवतात. मग जे येतं ते. अंदाज असेल तर फिकट, नक्की असेल तर दाबून, म्हणजे संध्याकाळी परत बसलं की कशावर किती भरवसा ठेवायचा ते कागदच सांगतो. कॅसेटमध्ये फिकट नावाचा प्रकारच नव्हता. लिहिलं की लिहिलं, चुकलं की लगेच लाल, आणि वर कोपऱ्यात घड्याळ पळतंय. बाबा म्हणाले, "अगं, हे परीक्षेला बसल्यासारखं आहे, पाठीमागे मास्तर उभा." घड्याळ बंद करता येत होतं हे मला नंतर मार्चमध्ये सापडलं, तीन मेनू आत.

पण मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर ते हे की घरात कुणाला त्यात घुसताच येईना. सांगलीला बाबा पेपर घेऊन बसले की आई फोडणी देता देता विचारायची काय अडलंय, मी जाता येता खांद्यावरून बघायचे, भाऊ चुकीचं सांगून शिव्या खायचा. नदीचं नाव, तीन अक्षरी, मधलं 'रा' वगैरे. तो छोटा डबा हातात घेतला की माणूस एकटा. बाजूला बसून वाकून बघितलं तरी स्क्रीन चकाकतो, त्यात आपलंच तोंड दिसतं.

दोन आठवड्यांत ते यंत्र नातवाने ताब्यात घेतलं. मी लायब्ररीत जाऊन पेपरातल्या कोड्याची झेरॉक्स काढायला लागले, मोठी करून, एका पानाला पंधरा सेंट. एकदा हिमवृष्टीत पण गेले, नवऱ्याला दाखवायला म्हणूनच गेले हे कबूल करते. बाबांनी डायनिंग टेबलवर पसरलं, पेन्सिलीला टोक केलं आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. मग शेजारचे एक इटालियन आजोबा, रिटायर्ड प्लंबर, आमच्या नळाचं काहीतरी बघायला आले होते, त्यांनी टेबलवरचा कागद बघितला आणि खुर्ची ओढली. तिथून दर मंगळवार-गुरुवार दोघे. बेसबॉलवाला तीन अक्षरी आला की आजोबा न बघता ओ-टी-टी सांगायचे, ऑट म्हणून जुना खेळाडू आहे, आडनाव छोटं असल्याने कोड्यांत सारखा येतो. बिस्किट चार अक्षरी म्हणजे ओरिओ. सुया ठेवायची डबी म्हणजे एट्वी, ई-टी-यू-आय, हा शब्द कोड्याबाहेर आयुष्यात कुणी वापरत नसेल. ताजमहालचं गाव, साडी, नान, राणी आलं की बाबांची पाळी. फक्त राणीचं स्पेलिंग आर-ए-एन-ई-ई असं निघालं त्या दिवशी बाबा जेवताना सुद्धा धुसफुसत होते, आणि इथे संपादकाचा पत्ता काय असतो ते विचारत होते.

म्हणजे हेच बाबा, अमेरिकन कोडं, अमेरिकन स्पेलिंग, बेसबॉल, सगळं जमलं. तरी आमच्याकडे गोष्ट सांगितली जाते ती अशी की 'मी सासऱ्यांना गेम आणून दिला होता पण त्यांना टेक्नॉलॉजी जमली नाही'. गेल्या दिवाळीत सुद्धा पाहुण्यांसमोर झालं. मोर्स ऐकून लिहिणाऱ्या माणसाला टेक्नॉलॉजी जमत नाही! नवऱ्याने स्वतः त्या कॅसेटमधली किती कोडी सोडवली विचारा. दीड.

बरं, आता खरं बोलायचं तर थोडं दुसऱ्या बाजूनेही. ओरिओ आणि ऑट हे काही कॅसेटचे दोष नव्हेत, अमेरिकन कोडं म्हटलं की ते येणारच, कागदावरही येतात. सासऱ्यांचा हात थरथरत असेल तर मोठा कागदसुद्धा त्रास देतो, तिथे कीबोर्ड बरा. रात्री दिवा न लावता अंथरुणात खेळायचं असेल तर स्क्रीनला पर्याय नाही. आणि माझ्या सासूबाई त्याच डीएसवर सुडोकू अगदी आनंदाने खेळतात, कारण तिथे ९ बाय ९ च चौकोन आणि लिहायचे ते नऊच आकडे, ते यंत्राला वाचता येतात. हा मुद्दा नवऱ्याच्या बाजूचा आहे म्हणून मी शेवटी टाकला.

टॅबलेट घेता आला तर दहा इंचाचा घ्या, त्यावर कोडं बऱ्यापैकी दिसतं आणि दोघांना एकदम बघता येतं. नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पेपरातलं कोडं ए-थ्रीवर मोठं करायला सांगा, जाड कागदावर. तरीही डीएस घेतलाच तर बॅटरी फुगलेली नाही ना ते झाकण उघडून बघा, आणि घेण्याआधी तिथेच सासऱ्यांना त्यावर ई काढून बघू दे. त्यांनाच काढू दे, तुम्ही काढू नका.

आणि ते पेनाने सोडवतात की पेन्सिलने, ते कळवा. पेन्सिलवाले असतील तर खोडरबर वेगळा घ्या, पेन्सिलीच्या बुडाला असतो तो झेरॉक्सचा कागद काळा करतो.