बोलोन्याला येताय? आधी घर, मग ओसऱ्या

ताई, मिस्टरांना इटलीतल्या बोलोन्यात नोकरी लागलीय, सप्टेंबरात लेकाला घेऊन येताय, आणि "गाव कसं आहे, बघण्यासारखं काय, घराचं कसं करावं" असं विचारलंत. मी मूळची नाशिकची, इथे नऊ वर्षं झाली. घराचंच आधी सांगते. बाकी सगळं बघायला पुढे वेळच वेळ आहे.

सप्टेंबर म्हणजे घर शोधायला सगळ्यात वाईट महिना. इथल्या विद्यापीठात नव्वद हजारांच्या आसपास विद्यार्थी, आणि नवी पोरं तेव्हाच खोल्या शोधत फिरतात. ऑगस्टात येऊन शोधू म्हणाल तर अर्धं गाव समुद्रावर गेलेलं असतं. आम्हाला एकाने फोटो पाठवून डिपॉझिट मागितलं, आम्ही भोळेपणाने भरलं. पत्त्यावर गेलो तर तिथे दाताचा दवाखाना! तेव्हा डोळ्यांनी घर बघितल्याशिवाय एक युरो द्यायचा नाही, आणि करार नोंदवलेलाच हवा. आल्यापासून कामाच्या आठ दिवसांत रहिवासी परवान्याची प्रक्रिया सुरू करावी लागते. 'कोदीचे फिस्काले', म्हणजे आपल्या पॅनसारखा नंबर, तोही लगेच काढा.

गंमत म्हणजे हे गाव वाढलं तेच परगावच्या पोरांमुळे. विद्यापीठाची स्थापना 1088ची मानतात. पोरं येत गेली, जागा पुरेना, मग लोकांनी वरचे मजले लाकडी खांबांवर रस्त्यावर पुढे काढले. भटाला दिली ओसरी, तशातली गत. पण 1288मध्ये नगराने नियमच केला: नवं घर बांधाल तर खाली ओसरी ठेवायची, घोडेस्वार जाईल एवढी उंच, आणि ती सगळ्यांना मोकळी. जागा मालकाची, चालायचा हक्क गावाचा! आज या ओसऱ्यांची, म्हणजे इथल्या भाषेत पोर्तिकोंची, लांबी सगळी मिळून सुमारे 62 किलोमीटर भरते, आणि 2021मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. स्त्रादा माज्जोरेवर कासा इझोलानीचे जुने ओकचे खांब अजून उभे आहेत. मी पावसात बऱ्याचदा छत्री न घेताच बाजारात जाते. फक्त कडेच्या गुळगुळीत फरशीवर पाणी उडालेलं असेल तर जपून. माझी दोनदा चांगली घसरगुंडी झालीय.

सगळ्यात लांब ओसरी डोंगरावरच्या सान लूकाच्या देवळाकडे जाते: 666 कमानी, पावणेचार किलोमीटरच्या आसपास. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास तिथली मादोन्ना, म्हणजे मेरी मातेची प्रतिमा, मिरवणुकीने गावात आणतात आणि आठवड्याभराने परत नेतात. पहिल्या वर्षी ती मिरवणूक बघताना मला पालखीच आठवली. टाळ तेवढे नव्हते.

जोड मनोऱ्यांसाठी फार आशेने येऊ नका. धाकटा, कललेला गारिझेंदा धोक्यात असल्यामुळे 2023 पासून तो भाग बंद आहे. थोरला आझिनेल्ली 97 मीटरचा. पदवीआधी त्यावर चढलं तर पदवी मिळत नाही, असं इथली पोरं अगदी मनापासून मानतात. त्यापेक्षा सान पेत्रोनिओ चर्चमध्ये जा. 1390मध्ये काम सुरू केलं ते दर्शनी भाग आजही अर्धवट: खाली संगमरवर, वर नुसती वीट. आत जमिनीवर कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने 1655मध्ये आखलेली 67 मीटरची रेघ आहे. छतातल्या भोकातून आलेला उन्हाचा गोल कवडसा भर माध्यान्ही तिच्यावर येतो. उन्हाळ्यात तेव्हा घड्याळात सव्वा वाजलेला असतो. लेकाला घेऊन नक्की जा.

स्टेशनवरचं एक घड्याळ 10:25वर थांबलेलं दिसेल. बिघडलेलं नाही ते. 2 ऑगस्ट 1980ला तिथे बॉम्ब फुटला, 85 माणसं गेली. ऑगस्टची दोन तारीख इथे कोणी विसरत नाही.

शाकाहारी असाल तर सावध. तोर्तेल्लिनीत, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात, डुकराचं मांस, रागू या पास्त्याच्या रश्शात मांस, पियादिना या साध्या दिसणाऱ्या पोळीतसुद्धा पुष्कळदा डुकराची चरबी. मी वर्षभर पोळी समजून खात होते! रिकोता-पालकाचे तोर्तेल्लोनी लोणी आणि सेजमध्ये मिळतात, ते मस्त. पण पार्मिजानो चीजमध्ये वासराचं रेनेट (दूध फाटायला घालतात ते, वासराच्या पोटातून काढलेलं) असतं, कडक पाळत असाल तर हेही ध्यानात ठेवा.

आणि हाताशी गाडी आली की एक रविवार पूर्वेला सेनिओ नदीवर जा. दोन्ही अंगांना उंच बांध घातलेली, एरवी आपल्या ओढ्याएवढी दिसते. 9 एप्रिल 1945ला नगर जिल्ह्यातले मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी हिच्या पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी सोबत्यांना एकेक करून सुरक्षित जागी नेलं, मग परत येऊन जर्मनांची मशीनगनची ठाणी उडवली आणि बांधावर चढून मराठा गर्जना देत बाकीच्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बारा दिवसांनी बोलोन्या मुक्त झालं. त्या बांधावर मी डबा घेऊन जाते, थालीपीठ नि लोणचं. तुम्ही आलात की बरोबरच जाऊ.