चित्रपट बघताना स्त्रीवाद आणि जात मध्ये आणलीच पाहिजे का?

तुम्ही लिहिले आहे की घरात कोणताही चित्रपट लागला की तुमची ताई ‘ही बाई इथे गप्प का?’, ‘याचे आडनाव का सांगत नाहीत?’ असे प्रश्न काढते आणि बघण्याची सगळी मजा जाते. करमणुकीकडे नुसती करमणूक म्हणून बघता येत नाही का, असा तुमचा प्रश्न आहे. बायका आणि सिनेमा या विषयावर मी बरीच वर्षे लिहिते आहे आणि माझ्या सख्ख्या भावाची माझ्याविषयी नेमकी हीच तक्रार आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

करमणूक नुसती करमणूक राहत नाही, हे मला कोणत्या पुस्तकाने नव्हे, मारबतीने शिकवले. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत या बाईच्या रूपातल्या दोन भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ‘इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या उठतात, इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते आणि शेवटी त्यांना जाळतात. मी सातवीत असताना एका लग्नात गर्द हिरवा फ्रॉक घालून मांडवात शिरले, तेव्हा नात्यातल्या एका बाई सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हे पोरगी तर काळी मारबत दिसून राहिली.” सगळे हसले. मीही हसले, कारण त्या वयात हसलो नाही तर चिडलो असे ठरते आणि चिडलेल्याला आणखी चिडवतात. पुढे वर्षभर शाळेत माझे तेच नाव होते. त्या फ्रॉकचा मात्र मी पुन्हा कधी हट्ट धरला नाही.

काळी मारबत 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून. काळी म्हणजे इंग्रजांना मिळालेली, नागपूरच्या भोसले घराण्यातली राणी बाकाबाई, अशी शहरात समजूत आहे. मोठेपणी मी तो इतिहास वाचला आणि चक्रावले. बाकाबाईंनी इंग्रजांची बाजू धरली हे खरे. पण इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह 1816 मध्ये केला तो तेव्हा राज्याचा कारभार बघणाऱ्या आप्पासाहेब भोसल्यांनी, आणि 1817 मध्ये गादीवर असलेल्या त्यांच्या चुलतभावाचा, परसोजींचा, खून झाला त्याचा ठपकाही त्यांच्यावरच आला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या फौजा सीताबर्डीवर इंग्रजांशी लढल्या, म्हणून लोकांनी त्यांची ती सही पोटात घातली असावी, आणि ते समजण्यासारखे आहे. बाईच्या बाजूने मात्र असा हिशेब कोणी मांडला नाही. मिरवणुकीत पुरुषांचे पुतळेही असतात, त्यांना बडग्या म्हणतात. पण बडग्याचा गुन्हा दरवर्षी बदलतो, कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा पुढारी. बाईचा गुन्हा मात्र एकदा लागला तो लागलाच.

दोन मारबतींच्या सालांच्या मध्ये, 1882 मध्ये, आमच्याच विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध झाला. सुरतेच्या एका तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांनाच धारेवर धरले, त्याला दिलेले ते उत्तर आहे. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन तो पुरुषांत नाही का, असे त्या विचारत जातात. त्या झपाट्यातून त्या काळची नाटके आणि कादंबऱ्याही सुटलेल्या नाहीत. तुमच्या ताईचे हे खूळ परदेशातून आलेले आहे असे घरात कोणी म्हणत असेल, तर हे नाव सांगून ठेवा.

आता चित्रपटाविषयी. ‘सैराट’ 2016 मध्ये आला तेव्हा मी तो भावासोबत बघितला. त्यातली पाटलाची मुलगी आर्ची ट्रॅक्टर चालवत येते तेव्हा शिट्ट्यांनी थिएटर दणाणले, आणि मीही तोंडात बोटे घालून शिट्टी मारली. उत्तरार्धात ती आणि तिचा प्रियकर परश्या हैदराबादला पळून गेल्यावर ती कारखान्यात कामाला लागते, परश्याच्या मनात संशय शिरतो आणि तो तिच्या थोबाडीत मारतो. तेव्हा आमच्या मागच्या रांगेतून कोणीतरी “आता कसं!” म्हणाले आणि दोघे-तिघे हसले. दिग्दर्शकाने ती थप्पड हसण्यासाठी ठेवलेली नव्हती, हे पडद्यावर स्पष्ट दिसत होते. पण थिएटरातल्या हशाचा चित्रपटाशी संबंध नाही असे मी कसे म्हणू? मी त्या एका थप्पडेवर तावातावाने लेख लिहिला.

तो वाचून उत्तर नागपुरातल्या माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती बौद्ध आहे, शाळेत मराठी शिकवते. ती म्हणाली, “तुला एकच थप्पड दिसली का गं? प्रिन्सने भर वर्गात लोखंडे सरांना मारलेली?” पाटलाचा मुलगा, म्हणजे आर्चीचा भाऊ, वर्गात शिकवणाऱ्या दलित मास्तरावर हात उगारतो आणि त्याचे काहीही बिघडत नाही, ही थप्पड मी दोनदा चित्रपट बघूनही ओलांडून गेले होते, कारण माझ्या आडनावाला वर्गात कधी कोणी अडवले नव्हते. तिला दोन्ही दिसल्या होत्या. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती, खुद्द बाबासाहेब तिथे बोलले होते, आणि बायकांना घटस्फोटाचा हक्क हवा, पुरुषांनी अनेक बायका करणे बंद व्हावे, असे ठराव तिथे झाले होते, हेही मला त्याच फोनवर कळले. जातीविरुद्ध लढता लढता घरातल्या पुरुषाविषयीही बोलणाऱ्या त्या बायका, आणि मी मात्र दोन्हींपैकी एकच थप्पड मोजत बसले होते. लेख मी मागे घेतला नाही. त्याखाली तिचे म्हणणे तिच्या परवानगीने जोडले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की मध्ये आणण्याचा प्रश्नच नाही. जे आधीपासून पडद्यावर आहे, ते कोणाला दिसते आणि कोणाच्या नजरेतून सुटते एवढाच फरक आहे. ताईला जे टोचते ते तुम्हाला टोचत नसेल, तर तुम्ही खोटे कळवळून दाखवण्याची गरज नाही. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात तिने चित्रपट थांबवून भाषण द्यावे असेही मी म्हणणार नाही. तो दोष माझ्यातही आहे आणि आमच्या घरात आता बोलणे मध्यंतरात किंवा नंतर, असा करार झाला आहे. तो मी बहुधा मोडते.

मजेचे म्हणाल, तर मी तान्ह्या पोळ्याला अजूनही इतवारीत जाते, कारण तो गोंगाट, ते ढोल आणि त्या आरोळ्या मला मनापासून आवडतात. काळी मारबत समोर आली की भाऊ माझ्याकडे बघून “झालं, आता सुरू होईल हिचं” म्हणतो. पण त्याच्या मित्राच्या गॅलरीतली कठड्याजवळची जागा, जिथून तिचा चेहरा नीट दिसतो, ती तो सकाळपासून माझ्यासाठी धरून ठेवतो.