ज्ञानेश्वरीचा ‘लेखकु’ कोण?

‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥’ ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणाऱ्या या ओवीवरून एकाने विचारलं आहे: लेखक जर सच्चिदानंदबाबा, तर ज्ञानेश्वर कोण?

घोटाळा आपल्या आजच्या ‘लेखक’ने केला आहे. ओवीतला लेखक म्हणजे लेखनिक, सांगितलेलं उतरवून घेणारा. ज्ञानेश्वरांनी टीका, म्हणजे गीतेवरचं भाष्य, ‘केली’, बाबांनी लिहिली. रचणाऱ्याला कवी म्हणत, नाहीतर ग्रंथकार. १८७८ साली रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात भरलं तेसुद्धा ‘ग्रंथकारां’चंच संमेलन.

महाभारताचा लेखक गणपती, तोही याच अर्थाने. त्याची अट अशी, की लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी उलटी अट घातली: अर्थ कळल्याशिवाय काही लिहायचं नाही. (भांडारकर संस्थेने जुनी हस्तलिखितं ताडून केलेल्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेबाहेर काढली आहे. काढू दे, मला ती सोडवत नाही.) त्या अटीमुळे लेखनिक हाच पहिला वाचक ठरतो.

आता ‘वाचक’. ‘वच्’ म्हणजे बोलणे, ‘वाचयति’ म्हणजे बोलायला लावतो. वाचणारा तो, जो मुक्या अक्षरांना बोलतं करतो. मनातल्या मनात वाचणं आता अंगवळणी पडलं, पण ‘आजी पोथी वाचतेय’ म्हटलं की अजूनही आवाजच ऐकू येतो.

हस्तलिखितांच्या शेवटी हे लेखनिक पुढच्या वाचकाशी थेट बोलतात. ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’, समोर होतं तसं उतरवलं, चुकलं असेल तर दोष मला देऊ नका. दुसऱ्या एका श्लोकात पाठ, कंबर, मान मोडल्याची तक्रार आहे आणि मागणी एवढीच, की कष्टाने लिहिलेला हा ग्रंथ जपा.

जपताना गडबड व्हायचीच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’. म्हणजे पुढच्यांनी वाचता-उतरवताना पाठ बिघडवले होते. यापुढे कुणी यात आपली ओवी घुसडू नये म्हणून त्यांनी बजावलंय: ‘तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली’. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी.