अ‍ॅड्रेनलीन एकच, मग परिणाम उलटसुलट का?

तुमचा प्रश्न असा की, घाबरल्यावर अंगात सुटणाऱ्या एकाच अ‍ॅड्रेनलीनने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि स्नायूंमधल्या सैलावतात, हे कसं? रिसेप्टर वेगळे म्हणून. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप, ज्यात अ‍ॅड्रेनलीनची किल्ली बसते. कातडीत, आतड्यांत अल्फा-1 भरपूर, तो आवळतो. हृदयातला बीटा-1 ठोके वाढवतो. स्नायूंतल्या रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका सैल सोडणारा बीटा-2. पुस्तकात एवढं मिळेल. मी मात्र हे पुस्तकाआधी आमच्या ओटीवर पाहिलंय.

भातकापणीचे दिवस. बाबांनी पेंढा उचलला आणि लाल विंचू डसला. काका विंचू उतरवणाऱ्याला घेऊन आला. तासाभरात कळ ओसरली. काका म्हणाला, "बघ, उतरला!" इकडे बाबांचा सदरा घामाने पिळून काढावा असा, दोन उलट्या झालेल्या, आणि हातपाय गार. ते गार हातपाय म्हणजेच अल्फा-1. विंचवाचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या धरतं, अ‍ॅड्रेनलीन आणि त्याच्या भाऊबंदाचा, नॉरअ‍ॅड्रेनलीनचा, पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं.

आईने कुणाचं ऐकलं नाही. टेम्पोत घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली आणि रात्रभर उठून बसू दिलं नाही, कारण त्या गोळीनंतर उभं राहिलं की बीपी धाडकन खाली येतं. पहाटे हात कोमट लागले.

विंचूदंशावर हे औषध रुजवलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. प्राझोसिन अल्फा-1 अडवतं, पण मज्जातंतूच्या टोकावरचा अल्फा-2 शाबूत ठेवतं. तो ब्रेक आहे, नॉरअ‍ॅड्रेनलीन आवरतो. त्याऐवजी नुसता बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारं औषध, दिला असता तर थकलेलं हृदय आणखी ढिलं आणि आवळणारा अल्फा मोकाट.

पुष्कळ दंशांत नुसती कळ येते आणि आपोआप जाते. उतरवणाऱ्यांचं दुकान त्यावरच चालतं. उलट विष भिनलेल्या माणसाला कळ कमी असू शकते, म्हणून कळ गेली की सुटलो असं समजू नका. हात लावून बघा, गार आहेत का.

हो, आता प्रतिविषही सोबत देतात. आणि प्राझोसिन घरात आणून परस्पर गिळू नका, लहान मुलांना तर नाहीच.

काका दर गणपतीत सांगतो, गोळी आणि मंत्र दोन्ही लागू पडले. गेल्या वर्षी म्हटलं, पुढच्या वेळी तुला डसला तर गोळी वगळून बघू. तेव्हापासून बोलत नाही.