शेअर बाजार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडील आयटी कंपनी एक विभाग वेगळा काढतेय. रेकॉर्ड डेटआधी (नवे शेअर कोणाला मिळणार हे ठरवणारी तारीख) आणखी शेअर घ्यावेत का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : विभाग वेगळा झाला की भागधारकांना नव्या कंपनीचे शेअर मिळतात; पण ते ‘फुकट शेअर’ म्हणून घेणार असाल तर नको. वेगळ्या विभागाची किंमत मूळ भावातून वजा होते. २० जुलै २०२३ ला रिलायन्सचा आदला बंद भाव २८४१.८५ रुपये होता, सकाळच्या विशेष सत्रात २५८० ठरला, फरकाचे २६१.८५ म्हणजे वेगळ्या काढलेल्या जिओ फायनान्शियलची किंमत. ही घसरण तोटा नव्हे. जुना स्टॉपलॉस (ठरावीक भावाला आपोआप विक्रीची ऑर्डर) मात्र आधी तपासा.

पात्रतेसाठी रेकॉर्ड डेटच्या आदल्या ट्रेडिंग दिवसापर्यंत खरेदी हवी. नवे शेअर डीमॅटमध्ये आले तरी लिस्टिंगपर्यंत (बाजारात व्यवहार सुरू होईपर्यंत) विकता येत नाहीत. जिओचे २१ ऑगस्टला लिस्ट झाले. पहिले १० दिवस इंट्राडे (त्याच दिवशी खरेदी-विक्री) बंद, त्यात इंडेक्स फंडांची (निर्देशांकातलेच शेअर ठेवणाऱ्या फंडांची) विक्री, त्यामुळे भाव अनेकदा दबतो. विभागाचा धंदा, कर्ज पटले असेल तर खरेदी तेव्हा, तीही तुकड्यातुकड्याने.

करासाठी खरेदीखर्च कंपनीने जाहीर केलेल्या प्रमाणात विभागा (रिलायन्स ९५.३२, जिओ ४.६८ टक्के). शेअर बाळगल्याची मुदत मूळ खरेदीपासूनच मोजतात. ब्रोकरच्या ॲपमध्ये नव्या शेअरची किंमत कधी शून्य दिसते, ती दुरुस्त करून घ्या.